“बायका स्वस्तात मिळत असत्या तर कंपन्यांनी फक्त बायकाच भरल्या असत्या,” म्हणे

तो फॉरवर्ड परत फिरतोय. बायका-पुरुषांच्या पगारातली तफावत ही थाप आहे, कारण एक, बायका स्वस्तात मिळत असत्या तर सगळीकडे त्याच दिसल्या असत्या, दोन, त्या पगारवाढ मागतच नाहीत, तीन, मूल झालं की स्वतःहून मागे पडतात, आणि चार, कायदा आहे की, मग ओरड कसली.

पहिलं लॉजिक ऐकायला भारी आहे पण माणसं अशी वागत नाहीत हो. ज्याला बाईचं काम मुळातच कमी वजनाचं वाटतं तो “स्वस्त माल मिळतोय, उचला” असा हिशोब करत नाही, तो म्हणतो हिला एवढे पुरे.

मागत नाहीत? ऑस्ट्रेलियात ४,६०० कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. बायका पुरुषांइतक्याच वेळा मागतात, फक्त पुरुषांना २० टक्के वेळा मिळते आणि बायकांना १५. विषय संपला.

मुलांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, उगाच नाकारणार नाही. डेन्मार्कमध्ये पहिल्या मुलानंतर आईची कमाई कायमची साधारण २० टक्क्यांनी खाली राहते असं दिसलंय, बापाच्या कमाईला मात्र धक्काही लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या नोकरी-कमाईवरच्या अशाच संशोधनासाठी. पण याला “स्वतःहून” म्हणायचं? ऑफिसात बघा ना, त्याला मूल झालं की पेढे कुठेत म्हणून पाठीवर थाप, तिला झालं की “आता कसं जमवणार गं तू?”, आणि पुढच्या महिन्यात टूरवाला प्रोजेक्ट न विचारताच दुसऱ्याकडे. तिने निवड केली कधी?

आणि कायदा. अमेरिकेत समान वेतनाचा कायदा १९६३ चा. लिली लेडबेटर १९७९ ला गुडइयरच्या टायर कारखान्यात लागली, आणि जवळपास वीस वर्षांनी कोणीतरी तिला निनावी चिठ्ठी दिली, तिचा पगार आणि बाजूला तीन पुरुषांचे. तिला महिना ३,७२७ डॉलर, त्याच पदावरच्या सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. कोर्टात गेली तर २००७ मध्ये सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं, उशीर झाला, पगार ठरल्यापासून १८० दिवसांत यायला हवं होतं. अहो पण पगार गुपित ठेवायचा आणि वर तक्रार १८० दिवसांत कर म्हणायचं?

खरी ग्यानबाची मेख इथे आहे, पगार झाकलेला असतो तोवर कायदा कागदावरच. डेन्मार्कने २००६ च्या कायद्याने साधारण ३५ हून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना बायका-पुरुषांच्या पगाराचे आकडे मांडायला लावले आणि तफावत कमी झाली (खरं सांगायचं तर बायकांचे पगार फार वाढले म्हणून नाही, पुरुषांची वाढ जरा मंदावली म्हणून). अमेरिकेत २००९ मध्ये लेडबेटरच्या नावाने कायदा बदलला, तिला स्वतःला मात्र त्यातून एक डॉलर मिळाला नाही.