‘सगळा आवाज एएसीत बदला, डिस्क अर्धी रिकामी करा’: फिरत्या संदेशाला उत्तर

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. घरी हार्डडिस्कवर सिनेमे जमवणाऱ्यांसाठी त्यात पाच सल्ले आहेत. ज्याचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) जास्त तो आवाज चांगला, म्हणून आवाज साठवण्याच्या दोन पद्धतींपैकी डीटीएस डॉल्बीपेक्षा कायम सरस. फाइलच्या नावात ५.१ (पाच चॅनेल आणि एक बासचा) असलं की आवाज ५.१. टीव्हीवर ॲटमॉसचं (डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीचं) चिन्ह उमटलं की ॲटमॉस मिळालं. फाइलमधले आवाजाचे जादा ट्रॅक उडवा आणि उरलेला आवाज दोन चॅनेलच्या एएसीत (आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धतीत) बदला, डिस्क अर्धी रिकामी होईल. आणि फाइलींची यादीबिदी करत बसू नका, फाइलचं नाव पुरेसं आहे.

चौथ्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो एकदा पाळला की मागे फिरता येत नाही.

आधी हिशेब. अडीच तासांच्या सिनेमात डीव्हीडीवरचा ४४८ केबीपीएसचा (सेकंदाला ४४८ हजार बिट) डॉल्बी डिजिटल ट्रॅक साधारण ५०० एमबी जागा घेतो. ब्लू-रेवर हाच प्रकार ६४० केबीपीएसपर्यंत जातो, म्हणजे ७२० एमबी. १९२ केबीपीएसचा एएसी केला तर सव्वादोनशे एमबी होतील. अशा ट्रॅकवर फार तर अर्धा जीबी वाचला. पण ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल २५-३० जीबींची असते, तिथे ही बचत दोन टक्क्यांच्या आत. जुन्या व्हीसीडीचं बघा: चित्र ११५० केबीपीएस, आवाज २२४. आवाज साफ काढून सिनेमाचा मूकपट केलात तरी फाइल जेमतेम सहाव्या हिश्शाने कमी होईल. ‘अर्धी डिस्क’ आली कुठून?

जातं मात्र बरंच. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. दोन चॅनेलमध्ये ओतताना तो मधला चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळतो आणि बासचा वेगळा चॅनेल बहुतेक वेळा गाळलाच जातो. घरोघरी तक्रार एकच: संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणं लागलं की कानठळ्या. मधला चॅनेल शाबूत असेल तर रिसीव्हरवर (स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रावर) तेवढाच चढवता येतो. एकदा मिसळला की तो तसाच्या तसा पुन्हा वेगळा निघत नाही. लोकलमध्ये फोनवर बघायला एएसीची हलकी प्रत हवी असेल तर जरूर करा, पण ती प्रत असू द्या. मूळ ट्रॅकला हात लावू नका.

‘जादा’ ट्रॅकचंही तसंच. ब्लू-रेवर ट्रूएचडी (डॉल्बीचाच मोठा, वरच्या दर्जाचा ट्रॅक) असेल तर त्याच्या सोबतीला साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक असतोच. फाइल करताना हे दोन ट्रॅक सुटे होतात. यादीत छोटा दिसला म्हणून तो उडवलात, तर ट्रूएचडी न समजणाऱ्या टीव्हीवर नुसतं चित्र हलेल. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओला हा धोका कमी, कारण साध्या डीटीएसचा गाभा त्याच ट्रॅकच्या पोटात असतो.

बिटरेटचा मुद्दा लवकर संपतो. दोन वेगळ्या पद्धतींचे बिटरेट एका तराजूत घालता येत नाहीत. दोन चॅनेलचा साधा पीसीएम (अजिबात न दाबलेला आवाज) १५३६ केबीपीएस खातो, म्हणून काही तो ५.१ होत नाही. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दोन्ही तर हानिरहित आहेत. उलगडल्यावर मूळ मिश्रण बिटन्‌बिट परत मिळतं, मग कोणाचा आकडा मोठा याला अर्थच उरत नाही. शिवाय डीटीएस अजिबात न वाजवणारे टीव्ही पुष्कळ आहेत. आणि संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने एवढं कबूल करतो की घोडबंदर रोडकडे खिडकी उघडी ठेवून बसलात, तर ६४० केबीपीएस आणि हानिरहित यांतला फरक ट्रक-डंपर ऐकू देणार नाहीत.

नावातल्या ५.१ वर मात्र अजिबात भरवसा नको. मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) आवाज सहा चॅनेलमध्ये पसरून ‘५.१’ अशी पाटी लावलेल्या फाइली ढिगाने आहेत, जुन्या मराठी सिनेमांच्या तर विशेष. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उघडा. सहाही चॅनेलच्या लहरी एकसारख्या दिसल्या, की समजा कोणीतरी नुसती पोटभरती केलीय. स्पेक्ट्रोग्राममध्ये (खालचे-वरचे स्वर दाखवणाऱ्या आलेखात) १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास सरळ रेषेत सगळं कापलेलं दिसलं, तर फ्लॅकच्या (हानिरहित फाइलच्या) नावाखाली जुनी एमपी३ असण्याचा संशय घ्या. फक्त, फिल्मच्या कडेला छापलेल्या जुन्या ऑप्टिकल मोनोपट्टीवर वरचे स्वर मुळातच कमी असतात, त्यामुळे १९६०च्या सिनेमावर हा आरोप घाईने करू नका. फसगत उलटीही होते. २.० लिहिलेल्या ट्रॅकमध्ये डॉल्बी सराउंड गुंफलेलं असू शकतं, आणि प्रो लॉजिकवाला रिसीव्हर ते सोडवून मागच्या स्पीकरना देतो.

ॲटमॉसचं चिन्ह एवढंच सांगतं की यंत्राने सिग्नल ओळखला. टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर ते सगळं शेवटी त्या दोनांतूनच येणार. स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बसवलेलं असतं आणि टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज नेणाऱ्या साध्या एआरसी जोडणीतून जाऊ शकतं. डिस्कवरचं ट्रूएचडीमध्ये असतं, टीव्हीमार्फत न्यायचं तर त्याला ईएआरसी ही सुधारित जोडणी लागते. आणि ट्रूएचडीचं फ्लॅक केलंत तर चॅनेल राहतात, ॲटमॉस जातं.

आता यादी. फाइलचं नाव काय सांगत नाही, त्याचं एक उदाहरण पुरे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पण पाल (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो बहुधा २५ ने पळवलेला असतो. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि सोबत आवाजही चढतो, पाऊण अर्धस्वराच्या थोडा आत. पेटी घेऊन बसा: गाणं मुळात पांढरी एकचं असेल, तर डीव्हीडीवर ते धड पांढरी एकलाही लागत नाही आणि काळी एकलाही नाही. असा मराठी ट्रॅक उचलून ब्लू-रेच्या चित्राला जोडला, की शेवटाकडे संवाद सहा मिनिटं पुढे निघून गेलेले असतात. यादीत मिनिटं लिहिलेली असती तर जोडण्याआधीच कळलं असतं.

म्हणून माझ्या यादीत पद्धत, चॅनेल, बिटरेट, भाषा आणि मिनिटं हे रकाने असतातच. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर अख्ख्या फोल्डरची ही माहिती एका झटक्यात काढून देतं. भाषेची खूण तेवढी तपासा. ती कोरी असेल तर प्लेअर बहुधा पहिला ट्रॅक लावतो, आणि आजी-आजोबांना सिनेमाऐवजी दिग्दर्शकाची कॉमेंटरी ऐकत बसावं लागतं. लग्नाच्या मिनीडीव्ही टेपा असतील तर १६ बिट-४८ किलोहर्ट्‌झ की १२ बिट-३२ किलोहर्ट्‌झ हेही नोंदवा. दुसऱ्या प्रकारात आवाजाच्या दोन जोड्या मावतात, आणि उतरवून देणारे पुष्कळदा पहिलीच घेतात.

एक रकाना कुठलंही सॉफ्टवेअर भरून देत नाही: आवाज आला कुठून. व्हीसीडी, डीव्हीडी, टीव्हीवरून ध्वनिमुद्रण, की मित्राच्या पेनड्राइव्हवरून, आणि मध्ये कोणी काय बदललं. तो हातानेच भरावा लागतो, आणि डिस्कचं कव्हर माळ्यावर सापडतंय तोवर.