नाव नाही म्हणजे माग नाही?

‘क्रिप्टोत नाव द्यावं लागत नाही, मध्ये बँक नसते, कोणी कोणाला किती पाठवले ते कुणालाच कळत नाही.’ हा मेसेज फिरतच असतो. त्यातल्या दाव्यांचं एकेक करून बघू.

नाव नसतं, इथपर्यंत ठीक. पण बिटकॉइनची वही, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंद, जानेवारी २००९ पासून सगळीच्या सगळी उघडी आहे आणि पत्ता (नाणी ज्यावर येतात-जातात तो खाते क्रमांकासारखा संकेत) हे फक्त टोपणनाव आहे. एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकत मिळतात त्या बाजारात, ओळखपत्र देऊन नाणी घेतलीत, तर त्या टोपणनावामागचं खरं नाव तिथे नोंदलेलं असतं. बँकेचं पासबुक निदान शेजाऱ्याला तरी दिसत नाही.

‘दर वेळी नवा पत्ता वापरा की!’ सल्ला चांगला आहे, खुद्द बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या निबंधातला. त्याच परिच्छेदात त्याची मर्यादाही लिहिली आहे, ती मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. समजा, तुमच्या एका पत्त्यावर ०.३ आणि दुसऱ्यावर ०.४ बिटकॉइन आहेत, आणि द्यायचेत ०.५. वॉलेट, म्हणजे तुमची नाणी सांभाळणारं ॲप, दोन्ही एकत्र करून पाठवतं. शुल्क वजा जाता उरलेले जेमतेम ०.२ तुमच्याच तिसऱ्या, नव्याकोऱ्या पत्त्यावर सुट्टे म्हणून परत येतात. बघणाऱ्याने काय ओळखलं? पहिले दोन पत्ते एकाच माणसाचे, तिसराही बहुधा त्याचाच. कॉइनजॉइन नावाच्या पद्धतीत अनेकांचे व्यवहार एकत्र गुंफून हा अंदाज चुकवता येतो, पण नंतर तीच नाणी पुन्हा एकत्र खर्च केली की केलेलं सगळं पाण्यात.

‘जुने व्यवहार कोण शोधत बसतंय?’ २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. त्यांतले ९४,००० हून जास्त अमेरिकी यंत्रणांनी २०२२ मध्ये जप्त केले.

‘मग मोनेरो घ्या.’ व्यवहार झाकण्यासाठीच बनवलेलं हे वेगळं क्रिप्टो नाणं; हा मुद्दा मात्र वजनदार आहे. तिथे रक्कम झाकलेली, घेणाऱ्याचा पत्ता दर वेळी वेगळा आणि २०२२ पासून खऱ्या नाण्याभोवती १५ परकी नाणी उभी. खर्च झालं ते कोणतं, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. सुरुवातीच्या काळात अशी परकी नाणी न घेताही व्यवहार चालत, आणि त्यांतले बरेच नंतर उलगडले गेले. आज ती सोय बंद आहे. तरी कुणी ओळख देऊन घेतलेले बिटकॉइन मोनेरोत बदलले आणि दहा मिनिटांत जवळपास तेवढ्याच किमतीचे परत बिटकॉइन केले, तर मधलं गणित फोडायची गरजच पडत नाही. वेळ आणि रक्कम दोन्ही टोकांना बिटकॉइनच्या उघड्या वहीत लिहिलेली असते.