ई म्हणा, मॅडम

माणसाची जीभ गॉजमध्ये गुंडाळून दुसऱ्याच कुणीतरी बाहेर ओढून धरलेली असताना त्याला प्रश्न का विचारतात, हे मला आजवर कळलेलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे पण हाच प्रकार चालतो, तोंडात अर्धं दुकान मांडून ठेवायचं आणि वर "मग यंदा सुट्टीत कुठे?", पण निदान तिथे जीभ आपल्या ताब्यात असते. स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे घशात दुर्बीण घालून लुकलुकत्या दिव्यात स्वरतंतू बघायच्या तपासणीत, ती पण नसते.

तर मी गणित शिकवते, आठवी ते दहावी. वर्गात साठेक मुलं, खिडकीबाहेर कायम कसलं ना कसलं खोदकाम, आणि शेवटच्या बाकापर्यंत पायथागोरस पोचवायचा म्हणजे ओरडायलाच लागतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि माझा घसा जो बसला तो उठेचना. पहिल्या तासाला बाई, तिसऱ्या तासाला बुवा आणि शेवटच्या तासाला नुसतीच हवा. फोनवर बँकवाले सर म्हणायला लागले. गॅसवाल्याने तर "साहेब, मॅडम आहेत का घरात?" असं विचारलं, मी "नाहीत" म्हणून ठेवून दिला, कोण समजावत बसणार.

मग उपाय सुरू. सासूबाईंनी ज्येष्ठमध दिलं, शेजारच्या काकूंनी कंकोळ, आईने फोनवरून हळद-दूध, आणि स्टाफरूममध्ये तर विचारूच नका, लवंग, खडीसाखर-मिरी, मिठाच्या गुळण्या, एकाच वेळी सगळं तोंडात ठेवलं असतं तर मसाल्याचा डबाच झाला असता. हिंदीचे सर तेवढे म्हणाले, "मॅडम, जरा हळू बोला ना." ह्याला काय औषध म्हणतात का?

शेवटी नवऱ्याने धरून नेलं. कानाच्या डॉक्टरांनी (नाक-कान-घसा तिन्ही त्यांचंच असतं, पण आमच्याकडे कानाचेच म्हणतात) सगळं ऐकलं आणि म्हणाले, तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला की आम्ही दुर्बिणीने बघून घेतोच. सासूबाईंना दुर्बीण म्हटल्यावर गडावर नेतात तसली डोळ्यांसमोर आली असावी, त्यांनी "एवढी मोठी?" असं विचारलं. तेवढी नसते, पण लहानही नसते. पातळशी स्टीलची नळी, टोकाला तिरकं भिंग, म्हणजे नळी घशाच्या तोंडाशी आडवी राहते आणि बघते मात्र खाली स्वरयंत्रात. ज्यांना अगदीच सहन होत नाही त्यांच्यासाठी नाकातून घालायची लवचीक नळी पण असते. मला विचारलं कुठून घालू, मी म्हटलं तोंडातून, नाकाने माझं काय वाईट केलंय.

आधी घशात बधिर करायचा स्प्रे मारतात. कडू जहर. दोन मिनिटांत घशाच्या जागी दुसऱ्याचाच घसा बसवल्यासारखं होतं, गिळता येत असतं पण गिळता येत नाहीये असं वाटत राहतं, आणि बधिरपणा उतरेपर्यंत खायचं-प्यायचं नाही कारण घास नाहीतर घोट चुकीच्या नळीत जाऊ शकतो. बरोब्बर चहाची वेळ होती. नवरा समोर बसून कटिंग पीत होता, तो हिशेब मी स्वतंत्र ठेवलाय.

मग खुर्चीत पुढे झुकायचं, हनुवटी वर, जीभ बाहेर. ती डॉक्टर धरतात. गळ्याला बाहेरून एक माइक लावतात. आणि म्हणतात, "ई म्हणा, मॅडम."

आता ईच का? तर ई म्हणताना जिभेचं मूळ पुढे सरकतं, त्याबरोबर घशावरची झडप पण पुढे होते आणि खालचे स्वरतंतू उघडे दिसतात. तर्क एकदम पटला. पण जीभ दुसऱ्याच्या मुठीत असताना मराठी वर्णमालेतला कुठलाही स्वर एकच निघतो, आणि तो म्हणजे "ॲॲॲ". "मॅडम, ई." "ॲॲॲ." "ई, ई." मी मनापासून ई म्हणत होते हो! मध्येच उमासा, डोळ्यांतून पाणी, हनुवटीवरून लाळ, आणि त्यातच डॉक्टर, "शाळा कोणती तुमची?"

खरी गंमत पुढे होती. बायकांचे स्वरतंतू साध्या बोलण्यातसुद्धा सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. डोळ्याला ते दिसणं शक्यच नाही. म्हणून त्यावर लुकलुकणारा दिवा सोडतात. माइक आवाजाची पट्टी पकडतो आणि दिवा त्या पट्टीपेक्षा किंचित वेगळ्या गतीने चमकतो, म्हणजे दर चमकेला पुढच्या कुठल्यातरी कंपनाचा थोडा पुढचा क्षण दिसतो, आणि असे वेगवेगळ्या कंपनांतले तुकडे जोडून स्क्रीनवर संथ, डुलणारी हालचाल तयार होते. म्हणजे तो स्लो मोशन खरा नाहीच! ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा कधीकधी उलटा जाताना दिसतो ना, तीच फसवणूक, फक्त मुद्दाम आणि बिल देऊन. गणिताच्या बाईला ह्याहून सुंदर काय दाखवणार, मला तिथल्या तिथे फळा हवा होता. १८७८ मध्येच ओर्टेल नावाच्या जर्मन डॉक्टरने ही कल्पना वापरली, तेव्हा भोकं पाडलेली चकती फिरवून उजेड तोडायचे.

पण अट अशी की आवाज दोन-तीन सेकंद तरी एका पट्टीत स्थिर पाहिजे. माझा आवाज इतका फाटका होता की मशीनला तो सापडेचना. दिवा धरायला जायचा, सूर सटकायचा, परत धरायला जायचा. डॉक्टर म्हणाले, "जरा सुरात घ्या." नवरा मागून म्हणाला, "ते लग्नाआधी पण नव्हतं."

मग "ई, श्वास, ई, श्वास" असं करायला लावलं. ई म्हटलं की दोन्ही तंतू मध्ये यायला हवेत, श्वास घेतला की दोन्ही बाजूला व्हायला हवेत, आणि दोघांनी सारखंच हलायला हवं. एक हलला नाही तर त्याच्या नसेत काहीतरी घोटाळा. डावीकडची नस मेंदूकडून निघून घशापाशी न थांबता थेट छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीला वळसा घालते आणि परत वर घशात येते, हे टेंडर कुणी पास केलं होतं देव जाणे. म्हणून घसा बसल्यावर कधीकधी छातीचाही फोटो काढतात. माझे दोघेही शहाण्यासारखे हलत होते.

स्वतःचे स्वरतंतू पहिल्यांदा बघायचा मान एका शिक्षकालाच जातो हं. मानुएल गार्सिया, लंडनमध्ये गाणं शिकवायचा, १८५४ साली त्याने दातवाल्यांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडलं आणि आपलं स्वरयंत्र आपणच पाहिलं. ना स्प्रे ना काही. शिवाय पुढे १०१ वर्षांचा होईपर्यंत जगला. मला खुर्चीत त्याचा भयंकर राग आला.

निदान झालं, नोड्यूल. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन गाठी, अगदी बारीक, तंतूचा पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथेच, कारण आपटण्याचा मार सगळ्यात जास्त तिथेच बसतो. अपूर्णांकात निदान मिळालं ह्याचा आनंद लपवणं अवघड गेलं. घाबरण्यासारखं काही नाही, ऑपरेशन नको, पाणी प्या, ओरडू नका, कुजबुजू पण नका, त्याने बऱ्याचदा ताण वाढतो. थोडक्यात हिंदीच्या सरांचंच औषध, पण फी भरून.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर देतात. नवऱ्याने तो उत्साहाने फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर लिहायचे कष्ट न घेता. चकाकणारं, ओलं, गुलाबी, मधोमध काहीतरी पांढरं उघडतंय मिटतंय. साताऱ्याच्या आत्यांचा पहिला मेसेज, "अगंबाई, अभिनंदन! तब्येत सांभाळ." त्याखाली बघता बघता सगळ्यांचे आशीर्वाद. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने ग्रुप सोडला.

आता स्पीच थेरपिस्टकडे जाते. तिने वर्गात माइक घ्यायला लावला, आणि व्यायाम दिलाय, ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालायची आणि बुडबुडे काढत "ऊऊऊ" म्हणायचं, त्याने तंतू फारसे न आपटता हलायला शिकतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात करत होते, दार उघडं होतं, आठवी 'ब'च्या मुलांनी बघितलं. तेव्हापासून मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकांवरच्या बाटल्यांमधून "ऊऊऊ" सुरू होतं. ओरडायची मला बंदी. आणि राग ह्याचा येतो की कार्ट्यांचा सूर इतका स्थिर लागतो, त्या दिव्याने पहिल्या झटक्यात पकडला असता.