रेघ सरकवायला एवढी झटापट?

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये स्क्रीन उभी फोडली. डावीकडं कोड, उजवीकडं लॉग. लॉगच्या ओळी लांब, म्हणून उजवी खिडकी जरा रुंद पाहिजे. एवढंच! त्यासाठी कंट्रोल-डब्ल्यू दाबा, सोडा, मग शिफ्ट धरून ग्रेटर दॅन. सरकलं किती? एक कॉलम. अजून पाहिजे? परत कंट्रोल-डब्ल्यूपासून सुरू. आधी वीस टाईप कर, एकदम वीस कॉलम सरकतात म्हणे. अरे, किती पाहिजे ते आधीच ठाऊक असतं तर रडलो असतो का? बघत बघत सरकवायची गोष्ट आहे ही. टर्मिनलच्या खिडक्या फोडणाऱ्या टीमक्समध्ये एकदा प्रीफिक्स, म्हणजे सुरुवातीची की, दिला की कंट्रोल धरून नुसता बाण दाबत राहायचं. तिथं जमतंय, मग इथं काय धाड भरली?

आणि दिशा! उजव्या खिडकीत असताना ग्रेटर दॅन दाबलं की मधली रेघ जाते डावीकडं. चिन्हाचं टोक उजवीकडं, रेघ डावीकडं! का, तर त्याचा अर्थ 'ही खिडकी रुंद कर'. असेल तर्क बरोबर, पण माझ्या डोळ्याला रेघ दिसते, मला रेघ हलवायची आहे. तीच रेघ डावीकडं न्यायला डाव्या खिडकीत लेस दॅन, उजव्या खिडकीत ग्रेटर दॅन. जाळ अन् धूर संगटच निघतोय डोक्यातनं.

एवढं करून मांडणी बसवावी, तर शेजारी अजून एक फाइल उघडली की सगळ्या खिडक्या परत सारख्या रुंद. सगळ्या खिडक्या सारख्या करणारं इक्वलऑलवेज हे सेटिंग मुळातच चालू! उभ्या खिडक्या विम ६.० मध्ये आल्या, २००१ साली. एवढ्या वर्षांत हे कुणाला खुपलं नाही?

"मॅपिंग टाक की भावा, तुझ्या सोयीची की लावून घे." टाकलंय, माझ्या लॅपटॉपवर. पण काम असतंय गोकुळ शिरगावातल्या एका फौंड्रीच्या सर्व्हरवर. खातं सगळ्यांचं एकच, सेटिंगला हात लावायचा नाही. रात्रपाळीचं मशीन अडलेलं, सुपरवायझर फोनवर, आणि मी एकेक कॉलम ढकलत बसलोय. माउस चालू करून रेघ ओढ म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं, कीबोर्डवरनं हात उचलायला लागू नये म्हणून तर विम धरला.

मला एक रिसाइझ मोड पाहिजे. एकदा शिरलं की एच, जे, के, एल (विममधल्या डावी, खाली, वर, उजवीच्या की) दाबून रेघ त्या त्या दिशेला हलली पाहिजे, एस्केप दाबला की बाहेर. कुठल्याही सर्व्हरवर, काहीही न टाकता. प्लगइनची नावं सांगू नका मला.