रेड बॅरनने गेर्निका जाळलं नाही

भाच्याच्या इतिहास प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर व्हॉट्सॲपवरून उतरवलेलं वाक्य दिसलं: "रेड बॅरन फॉन रिश्टहोफेनने 80 विमानं पाडली, गेर्निका बेचिराख केलं, तो हिटलरचा फील्ड मार्शल झाला आणि रेशीम मार्गही त्यानेच शोधला." हाच मजकूर आमच्या नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर फिरतोय. तारखा ताडून बघाव्यात असं एकालाही वाटलं नाही!

80 विमानांचा आकडा बरोबर आहे. बाकी सगळा गोंधळ.

रेड बॅरन म्हणजे मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन, पहिल्या महायुद्धात लाल विमान उडवणारा जर्मन लढाऊ वैमानिक. तो 21 एप्रिल 1918 ला फ्रान्समध्ये, सोम नदीजवळ मारला गेला. स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले 26 एप्रिल 1937 ला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी. मरून एकोणीस वर्षं झालेल्या माणसाने ते टाकले?

टाकवले ते वोल्फ्राम फॉन रिश्टहोफेनने. हा मान्फ्रेडचा लांबचा चुलतभाऊ, स्पेनच्या यादवी युद्धात लढणाऱ्या काँडोर लीजन या जर्मन हवाई तुकडीचा चीफ ऑफ स्टाफ. पाच हजार वस्तीचं गाव अक्षरशः जमीनदोस्त झालं, अशी त्याच्या रोजनिशीत त्याचीच नोंद आहे. आणखी कुठला पुरावा हवा? 1943 मध्ये फील्ड मार्शल झाला तोही हाच. दोघांना एक केलं की बाजाराला आलेल्या बायाबापड्यांना मारणारा माणूस एका प्रसिद्ध लाल विमानाआड लपतो. माझा संताप त्याचा आहे.

दोघं एकाच पथकात होते, हे खरं. मान्फ्रेडच्या शेवटच्या दिवशी नवख्या वोल्फ्रामच्या मागे मे नावाचा कॅनडाचा वैमानिक लागला होता. मान्फ्रेड मेच्या पाठीवर झेपावला, पाठलाग करत शत्रूच्या हद्दीत खोल शिरला आणि तिथेच त्याला गोळी लागली. ज्याच्यासाठी धावला, त्यानेच पुढे गेर्निका केलं.

रेशीम मार्ग कुणी एकाने 'शोधलेला' नाही. 1877 मध्ये ते नाव रूढ केलं त्याच घराण्यातल्या भूगोलतज्ज्ञ फर्डिनांड फॉन रिश्टहोफेनने. तो 1905 मध्ये वारला, तेव्हा मान्फ्रेड तेरा वर्षांचा होता.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: मान्फ्रेडचं पथक पुढे गोअरिंगच्या, म्हणजे हिटलरच्या नंतरच्या हवाईदल प्रमुखाच्या, हाती गेलं आणि नाझींनी मान्फ्रेडचं नाव मनसोक्त मिरवलं. पण त्यात त्या मेलेल्याचा काय दोष? आणि 'बॅरन' म्हणाल, तर ती पदवी त्या घराण्यातल्या सगळ्याच पुरुषांची.

भाच्याने ते पान फाडलं. नव्या पानावर तिघांसाठी तीन चौकटी आखल्यात, प्रत्येकीत जन्मसाल आधी: 1833, 1892, 1895.