पाणाड्या व्हा, पण दुसऱ्याच्या शेतात

छंद म्हणून पाणाड्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची जागा दाखवणारा, व्हायचे आपण ठरवलेच असेल, तर आपण पायाळू जन्मलो होतो का, हे प्रथम आईला आणि आई नसल्यास थोरल्या मावशीला विचारून घ्यावे. पायाळू माणसाला जमिनीतले धन आणि पाणी दिसते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. माझ्या आईने सांगितले की मी डोक्याकडूनच आलो, मात्र त्यानंतर डोक्याचा उपयोग केल्याचे तिच्या पाहण्यात नाही. असे उत्तर मिळाले तरी निराश होऊ नये, कारण दुसरी सोय रक्तगटाची आहे. पाणी असलेल्या जागी ओ पॉझिटिव्ह माणसाच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहतो, असे नारळवाले पाणाडे छातीठोकपणे सांगतात. माझा गट बी पॉझिटिव्ह निघाला. तेव्हा नारळ चटणीसाठी स्वयंपाकघरात परत केला आणि मी बेचक्याकडे वळलो. बेचके रक्तगट विचारत नाही.

बेचके ओल्या, लवचीक फांदीचे असावे. त्याच्या दोन्ही टोकांना तळहात वर करून मुठीत धरावे, बाहेरच्या बाजूस ताण द्यावा आणि चेहरा गंभीर ठेवून चालू लागावे. अशी ताणलेली फांदी इतकी अस्थिर असते, की मनगट तांदळाच्या दाण्याएवढे वळले तरी तिचे टोक झटक्याने खाली येते, आणि ते आपण वळवले असे आपल्याला मुळीच वाटत नाही. तांब्याच्या काटकोनी तारा वापरणाऱ्यांचीही हीच सोय असते. मुठी किंचित कलल्या की तारा एकमेकींना छेदतात. मनात घट्ट बसलेली अपेक्षा आपल्या नकळत स्नायू हलवते, हे विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मांडून ठेवले आहे. हे नाव आणि हा सन नवशिक्याने तातडीने विसरावा.

पहिला सराव घरातच करावा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत बेचके न्हाणीघराच्या दारात वाकले, ओट्याखाली वाकले आणि माठासमोर तर जवळजवळ साष्टांग पडले. मी भारावून गेलो. सौभाग्यवतींनी मात्र, घरात पाणी कोठे आहे हे त्यांना लाकडाच्या मदतीशिवायही ठाऊक असल्याचे निदर्शनास आणले आणि दहा झाकलेल्या बादल्या गच्चीवर मांडल्या. प्रत्येक फेरीला त्यांतली एकच बादली भाचीने भरायची आणि कोणती भरली ते मामीलाही सांगायचे नाही, असा बंदोबस्त होता. दहा फेऱ्यांत मी एकदा बरोबर आलो. ती फेरी मी तारीख, वार आणि वाऱ्याची दिशा यांसह डायरीत नोंदवली. उरलेल्या नऊ फेऱ्यांसाठी पानावर जागा राहिली नाही. डायरी लहान घ्यावी, हे मी तेव्हापासून सर्वांना आग्रहाने सांगतो.

मोठ्या डायऱ्या ठेवणाऱ्यांचे काय होते, हे जर्मनीत दिसले आहे. म्युनिकच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० उमेदवारांतून ४३ जण निवडले आणि एका धान्याच्या कोठारात त्यांच्या ८४३ चाचण्या घेतल्या. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी गाड्यावरून इकडेतिकडे सरकवायची आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तिची जागा सांगायची, असा तो प्रकार होता. काहींना ही विद्या खरोखर अवगत आहे, असा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला आणि आपल्या समाजात आनंदीआनंद झाला. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. कोणी डोळे मिटून दर वेळी ‘मधोमध’ असे म्हटले असते, तर त्याच्यापेक्षा सर्वोत्तम पाणाड्या १० मीटरच्या रेषेवर सरासरी ४ मिलिमीटर अधिक जवळ होता, असे त्याला आढळले. चार मिलिमीटर का होईना, सरशी ती सरशीच.

पूर्वजांचा आधार हवा असल्यास वराहमिहिराचे नाव अवश्य घ्यावे. सहाव्या शतकातील त्याच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्यावर दकार्गल नावाचा संपूर्ण अध्याय आहे. तो उघडू मात्र नये. जांभळाच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागते, अशा खुणा तो एकामागून एक सांगत जातो. त्या सगळ्या खऱ्या ठरतात असे नव्हे; पण झाडे, वारुळे, माती आणि दगड डोळे उघडे ठेवून पाहायला लावणारा ग्रंथ आपल्या छंदाला घातकच म्हणायचा.

आता प्रत्यक्ष शेतात उतरण्याविषयी. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसाल्टचा आहे, आणि त्यात पाण्याच्या नद्या वाहत नाहीत; ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र थरांत जिरून पसरलेले असते. म्हणून जागा दाखवण्याचे काम दिवाळीच्या सुमारास, ओढ्याकाठच्या सखल पट्टीत आणि शेजाऱ्याच्या भरलेल्या विहिरीच्या आसपास करावे. तेथे बेचके सहसा खोटे ठरत नाही. वैशाखात उघड्या माळावर कोणी बोलावल्यास कंबर धरल्याचे कळवावे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत असते. मोजणे हा ज्यांचा स्वभावच आहे, त्यांच्याविषयी आपण सहानुभूती बाळगावी.

मी स्वतः ही काळजी घेतली नाही. गावाकडे चुलतभावाने, म्हणजे अण्णाने, एप्रिलमध्ये हाक मारली आणि मी गेलो. बेचके चिंचेपासून वीस पावलांवर असे वाकले की पाहणाऱ्यांनी टोप्या काढल्या. बोअरची गाडी आली आणि तीनशे वीस फुटांपर्यंत पांढरा फुफाटा उडत राहिला. दुसरी जागा चारशेपर्यंत गेली. पाणी तेवढे अण्णाच्या डोळ्यांत आले. बोअरवाला फुटावर पैसे घेतो आणि धुळीचा फूट व पाण्याचा फूट यांचा दर एकच असतो, ही बाब नवशिक्याने आधीच समजून घेतल्यास त्याचे मन शांत राहते, कारण तो दर त्याला द्यायचा नसतो. आपला एकूण खर्च एका फांदीचा आणि दोन वेळच्या जेवणाचा, जेवणही यजमानाकडचे.

अशा प्रसंगी लागणारी कारणे खिशात तयार ठेवावीत. गाडी उभी करताना खूण वीतभर सरकली. शेजाऱ्याच्या बोअरने शीर वळवून नेली. कोणी तरी चपला घालून खुणेवरून गेले. आणि सगळे थकले की, पाणी आहे, फक्त आणखी शंभर फूट खाली आहे. या शेवटच्या कारणाला तोड नाही, कारण ते खोटे पाडण्याचा खर्चही समोरच्यालाच करावा लागतो.

छंदाचा व्यवसाय करताना मात्र तारतम्य हवे. जिम मॅककॉर्मिक या ब्रिटिश गृहस्थाने मुठीवर फिरणारी एक दांडी बसवलेले उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकले. मूळ वस्तू हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाखाली मिळणारे एक खेळणे होते. तपासणी नाक्यांवरचे शिपाई ती दांडी घेऊन गाड्यांभोवती फिरत राहिले, आणि २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपण पाण्यापुरतेच राहावे. पाणी न लागल्यास कोणी फिर्याद करत नाही. लोक फक्त दुसरा पाणाड्या बोलावतात.

अण्णानेही बोलावला. तो नारळवाला होता आणि त्याची जागा माझ्या दुसऱ्या खुणेपासून तीन पावलांवर निघाली, तेव्हा मला व्यावसायिक समाधान वाटले. जाताना अण्णाने विचारले, “दादा, तुमच्या नव्या प्लॉटवर कधी बघताय?” स्वतःसाठी पाणी पाहिले की विद्या जाते, असे मी त्याला सांगितले, आणि त्याने मान डोलावली. प्लॉटवर मंगळवारी भूवैज्ञानिक यंत्र घेऊन यायचे आहेत. वाचकांपैकी कोणाची अण्णाशी गाठ पडल्यास एवढे त्याच्या कानावर घालू नये.