आपल्या पाल्याला सामान्य ज्ञानापासून कसे वाचवाल?

सुजाण पालकहो, यंदा गणपतीत आमच्या बाणेरच्या सोसायटीत मुलांच्या प्रश्नमंजूषेचा परीक्षक होण्याची दुर्बुद्धी मला झाली. त्या दोन तासांत कळलं की बरंचसं काम तुम्ही आधीच फत्ते केलेलं आहे. थोडीफार कसर राहिलीय, ती भरून निघावी म्हणून हा प्रपंच.

शाळा निवडताना बस एसी आहे ना, तेवढं बघा. नावात 'इंटरनॅशनल' आणि 'ग्लोबल' दोन्ही असतील तर सोन्याहून पिवळं. वाचनालयाची चौकशी करू नका, हसतील.

मूल ज्या गावात वाढतंय त्या गावाचा त्याला वारा लागू देऊ नका. माझा पहिलाच प्रश्न होता, पुण्याला पाणी कुठून येतं? खडकवासला म्हणाले असते तरी चाललं असतं. पानशेत, वरसगाव, टेमघर यांतलं एखादं आलं असतं तर जादा मार्क द्यायची तयारी होती. उत्तर आलं, "टँकरमधून." आता याला मार्क द्यावेत की कापावेत? आमच्या बिल्डिंगपुरतं ते बरोबरच आहे.

पुढचा प्रश्न, फुले पती-पत्नींनी १८४८ मध्ये मुलींची शाळा कुठे काढली? आठवीतला मुलगा चटकन म्हणाला, "युनिव्हर्सिटीत!" पाटीवर नाव वाचलंय ना त्यानं. अरे, भिडेवाडा! बुधवार पेठेत, दगडूशेठच्या समोर. लहानपणापासून तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन त्याच रांगेत उभे राहिलात. तासन् तास तिथे ताटकळायचं आणि रस्त्याच्या पलीकडे काय होतं हे एकदाही सांगायचं नाही, याला निग्रह लागतो. (विद्यापीठ १९४९ चं. सावित्रीबाईंचं नाव त्याला मिळालं २०१४ मध्ये. बाई गेल्या १८९७ मध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता. असो.)

शिक्षकांना मतदार याद्या, जनगणना, खिचडीचा हिशेब आणि पोर्टलवर फोटो चढवणं अशी राष्ट्रकार्यं द्या. वेळ उरलाच तर शिकवतील बिचारे.

अप्पा बळवंत चौकात गेलात तर अपेक्षित प्रश्नसंच घ्या आणि माघारी फिरा.

आता हुकमी उपाय. ज्ञान नेहमी बहुमतानं ठरवावं. झालं असं की शेवटी दोन टीम बरोबरीत आल्या, म्हणून मी विचारलं, भारताची राष्ट्रभाषा कोणती? प्रश्न मुद्दाम फसवा होता, कबूल. एक टीम ओरडली, "हिंदी!" दुसऱ्या टीममधली सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "अशी कुठलीच नाहीये." मांडवात हशा. मी मार्क तिला दिले. लगेच पहिल्या टीममधल्या एकाचे बाबा उठले. आयटीत मॅनेजर. "काका, तुमच्या बेसिकमध्येच लोचा आहे." मी शांतपणे सांगितलं, की घटनेच्या कलम ३४३ प्रमाणे देवनागरीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, म्हणजे सरकारी कामकाजाची. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यात आपली मराठीही आली. राष्ट्रभाषेचा मान घटनेनं कुणालाच दिलेला नाही. ते म्हणाले, "ते टेक्निकल झालं हो. आम्ही शाळेत हेच शिकलोय." तेवढ्यात चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला, "आरतीला उशीर होतोय, वाद नको. हात वर करा."

हात वर करा!

सव्वीस हात वर झाले. विरोधात माझा एक आणि रात्रपाळीला गेटवर पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या वॉचमनचा एक. वॉचमनचा मोजला नाही, तो मेंबर नाही. राज्यघटना सव्वीस विरुद्ध एक मतांनी पडली. आणि हे हात कुणाचे? २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून स्टेटसवर स्टेटस ठेवणाऱ्यांचेच! सरकारनं दोन्ही जीआर मागे घेतले तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले होते यांनी. मग भांडत कशासाठी होतात रे?

जाऊ दे, मला नाही जमत हे तिरकं बोलणं. लाज वाटली पाहिजे तुम्हाला. क्लासला लाखभर रुपये मोजता आणि पोरानं काही विचारलं की म्हणता, "सिलॅबसमध्ये आहे का?" एखादी गोष्ट माहीत नसेल, मलाही ढीगभर माहीत नाहीत. पण समोरचा माणूस कलमाचा आकडा सांगतोय, प्रत्येकाच्या हातात फोन आहे, उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. ते बघायचं नाही, आणि पोरांदेखत हात वर करून चुकीचं ते बरोबर ठरवायचं? काय शिकली ती मुलं त्या संध्याकाळी?

बक्षिसाचे डबे पहिल्या टीमनं नेले. खुर्च्या आवरताना ती मुलगी जवळ आली.

"काका, मग शाळेत विचारलं तर काय लिहू?"

"तू बोललीस तेच लिही."

"पण मिसच्या गाईडमध्ये हिंदी आहे."